अनोळखी हातांची भाकर : संत पाकोमियस यांचे जीवन

दरवर्षी ९ मे रोजी ख्रिस्तसभा संत पाकोमियस यांचे स्मरण करते. संत अंतोनी यांना आपण एकांतवासी तापसांचे जनक म्हणून ओळखतो. त्याचप्रमाणे संत पाकोमियस हे एका छपराखाली, एका नियमाने, एकत्र राहणाऱ्या मठवासीयांचे जनक मानले जातात. आपल्या धर्मग्रामांतील कॉन्व्हेंटमध्ये धर्मभगिनी एका घंटेच्या आवाजावर प्रार्थनेस, भोजनास आणि कामास जातात. त्या जीवनपद्धतीचे मूळ शोधत मागे मागे गेलो, तर आपण चौथ्या शतकातील नाईल नदीच्या काठी येऊन पोहोचतो. त्याही मागे एक पाऊल टाकले, तर एका तुरुंगाचे दार लागते. त्या दारातून एका संध्याकाळी काही ख्रिस्ती माणसे अन्न घेऊन आत गेली होती. त्या माणसांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत. त्यांनी ज्याला जेवू घातले, त्याचे नाव मात्र आज साऱ्या ख्रिस्ती जगाला ठाऊक आहे.

बंदिवासातील ती रात्र

पाकोमियस यांचा जन्म इ.स. २९२च्या सुमारास वरच्या इजिप्तमध्ये, आज ज्याला एस्ना म्हणतात त्या गावाच्या परिसरात झाला. आईवडील ख्रिस्ती नव्हते. गावातील इतर लोकांप्रमाणे ते इजिप्तच्या जुन्या देवतांची पूजा करीत. मुलगा लहानपणी आईवडिलांबरोबर नाईलकाठच्या यज्ञविधींना जात असे. ख्रिस्ती धर्माशी या कुटुंबाचा काहीही संबंध नव्हता.

पाकोमियस वीस वर्षांचे झाले तेव्हा रोमन साम्राज्यात सत्तेसाठी युद्धे चालू होती. सैन्याला माणसे हवी होती. त्या काळी सक्तीची भरती म्हणजे गावोगावच्या तरुणांना अक्षरशः पकडून नेणे होते. पाकोमियस यांनाही असेच पकडण्यात आले आणि इतर तरुणांबरोबर नावेत घालून नाईलच्या प्रवाहाने उत्तरेकडे नेण्यात आले. वाटेत थीब्ज नगर लागले. आजचे लक्सर ते हेच. रात्री कोणी पळून जाऊ नये म्हणून या तरुणांना तेथील तुरुंगात कोंडण्यात आले. गुन्हा कोणताही नसताना ते कैदी झाले होते. घर मागे राहिले होते, पुढे परक्यासाठी लढायचे होते, आणि ते परत येतील की नाही हे कोणीच सांगू शकत नव्हते.

त्या संध्याकाळी नगरातील काही लोक तुरुंगात आले. त्यांनी भाकरी आणि इतर अन्न आणले होते. दुःखाने मूढ झालेल्या त्या तरुणांना त्यांनी आग्रह करकरून जेवू घातले. पाकोमियस यांना मोठे नवल वाटले. आपली यांची ओळख नाही, नाते नाही, मग हे आपल्यावर इतकी दया का करीत आहेत, असे त्यांनी विचारले. हे ख्रिस्ती लोक आहेत, स्वर्गातील देवासाठी ते सर्वांचे भले करतात आणि परक्यांनाही वगळत नाहीत, असे उत्तर त्यांना मिळाले. ख्रिस्ती म्हणजे कोण, हेही त्यांनी विचारून घेतले. मग त्या रात्री ते तुरुंगाच्या एका कोपऱ्यात गेले आणि ज्या देवाला ते अद्याप ओळखत नव्हते, त्याच्यापुढे त्यांनी हात पसरले. या संकटातून सुटका झाली तर मी जन्मभर तुझी इच्छा पूर्ण करीन आणि सर्व माणसांवर प्रीती करून त्यांची सेवा करीन, असा नवस त्यांनी केला. ती त्यांची पहिली ख्रिस्ती प्रार्थना होती.

छळ करणाऱ्याच्या सैनिकांना अन्न

थीब्जच्या त्या ख्रिस्ती लोकांनी केलेल्या दयेचे खरे मोल कळण्यासाठी तो काळ ध्यानात घ्यावा लागतो. सम्राट डायोक्लेशनच्या आज्ञेने इ.स. ३०३मध्ये सुरू झालेला ख्रिस्ती लोकांचा छळ इजिप्तमध्ये अत्यंत क्रूर होता. ख्रिस्तसभेचे इतिहासकार युसेबियस यांनी थीब्जच्या प्रांतात एकेका दिवसात अनेक ख्रिस्ती माणसांना ठार मारले जाताना स्वतः पाहिले होते. इ.स. ३११च्या नोव्हेंबरमध्ये अलेक्झांड्रियाचे बिशप संत पीटर यांचाही शिरच्छेद झाला.

पाकोमियस यांच्या प्राचीन चरित्रांत ही भरती सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील असल्याचे सांगितले आहे. परंतु त्या वेळी इजिप्तवर मॅक्सिमिनस दाया याची सत्ता होती. त्यामुळे हे तरुण त्याच्याच सैन्यासाठी पकडले गेले असावेत असे अभ्यासक मानतात. ख्रिस्ती लोकांचा छळ पुढे चालू ठेवणारा सत्ताधीश तो हाच. म्हणजे ज्या राजवटीने थीब्जच्या ख्रिस्ती घरांत मृत्यू आणला होता, तिच्याच सैन्यात निघालेल्या तरुणांना त्या घरांतून भाकरी गेल्या. या तरुणांच्या हाती उद्या शस्त्र येणार होते आणि ते आपल्यावरच उगारले जाण्याची भीती होती. तरीही उपाशी माणूस आज उपाशी आहे, एवढेच त्यांनी पाहिले. मोबदल्याची आशा ठेवायला तेथे जागाच नव्हती. सकाळ होताच नाव पुढे निघून जाणार होती.

नाव गेली. भरती केलेल्या तरुणांना अँटिनोई या नगरापर्यंत नेण्यात आले. इ.स. ३१३मध्ये मॅक्सिमिनसचा युद्धात पराभव झाला आणि या तरुणांना सोडून देण्यात आले. पाकोमियस यांनी युद्ध पाहिलेच नाही.

नवस फेडताना

सुटका झाल्यावर माणूस नवस विसरतो, हा जगाचा अनुभव आहे. पाकोमियस विसरले नाहीत. घरी न जाता ते शेनेसेत नावाच्या उजाड गावी आले आणि सेरापिस देवतेच्या एका ओसाड देवळात राहू लागले. गावच्या ख्रिस्तमंदिरात त्यांचा स्नानसंस्कार झाला. त्याच रात्री त्यांना एक स्वप्न पडले. आकाशातून दव त्यांच्या मस्तकावर पडले, हातात येऊन त्याचा मध झाला आणि तो मध पृथ्वीवर ओघळला.

स्वप्न पाहून ते स्वस्थ बसले नाहीत. देवळाजवळ त्यांनी भाजीपाला आणि खजुराची झाडे लावली. त्यातून स्वतःचे पोट भरून उरलेले ते गावातील गरिबांना आणि वाटसरूंना देत. गावात साथीचा रोग आला तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि रानातून लाकडे आणून त्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या. तीन वर्षे हा क्रम चालला. नंतर तपस्वी जीवनाच्या ओढीने ते वृद्ध एकांतवासी पालामोन यांच्याकडे गेले. पालामोन यांनी आधी दार पुरते उघडलेही नाही. भाकर, मीठ, उपवास आणि रात्रभराचे जागरण हे तुला झेपणार नाही, असे त्यांनी बजावले. पाकोमियस तेथे सात वर्षे राहिले.

इ.स. ३२३च्या सुमारास लाकडे गोळा करीत फिरत असता ते तबेन्नीसी नावाच्या ओस पडलेल्या खेड्यात पोहोचले. तेथे प्रार्थना करताना, येथेच राहा आणि मठ बांध, पुष्कळ लोक तुझ्याकडे येतील, अशी वाणी त्यांना ऐकू आली. गुरूंच्या आशीर्वादाने त्यांनी तेथे कुटी बांधली. काही काळाने त्यांचा थोरला भाऊ योहान त्यांना येऊन मिळाला. दोघे भाऊ प्रेमाने राहत, परंतु एका बाबतीत त्यांचे पटेना. येणाऱ्यांसाठी जागा हवी म्हणून पाकोमियस भिंती वाढवीत होते. योहानला एकांत प्रिय होता, त्याला हा पसारा नको होता. एके दिवशी त्याने धाकट्या भावाला कठोर शब्द सुनावले. पाकोमियस यांना राग आला, पण आपल्याला राग आला याचेच त्यांना अतिशय दुःख झाले आणि ती रात्र त्यांनी रडत प्रार्थनेत काढली. भिंती मात्र त्यांनी आवरत्या घेतल्या नाहीत. जे अजून आलेले नव्हते, त्यांच्यासाठी त्या होत्या.

दयेची परतफेड उपहासाने

परोपकाराची फेड नेहमी परोपकारानेच होते, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. पाकोमियस यांनाही हा धडा कडू अनुभवातून मिळाला. आसपासच्या खेड्यांतील काही माणसे त्यांच्याकडे राहायला आली. पाकोमियस त्यांचे चाकर झाले. ते स्वयंपाक करीत, वाढीत, पिकवलेले विकून सर्वांचा खर्च भागवीत. त्या माणसांनी ही नम्रता म्हणजे दुर्बलता समजली. ते त्यांची टर उडवू लागले आणि सांगितलेले ऐकेनासे झाले. पाकोमियस यांनी हे चार-पाच वर्षे सोसले. शेवटी त्यांनी स्पष्ट सांगितले, की यापुढे सर्वांनी एका नियमाने राहावे, नाहीतर निघून जावे. ती माणसे निघून गेली.

या अपयशातून एक मोठी गोष्ट जन्माला आली. एकट्याच्या चांगुलपणावर संसार चालत नाही, तसा मठही चालत नाही, हे त्यांनी ओळखले. दया टिकायची असेल तर तिला शिस्तीचा आधार हवा. म्हणून त्यांनी प्रार्थना, काम, भोजन, विश्रांती आणि अभ्यास यांचे नियम घालून दिले. मठात अनेक घरे असत आणि प्रत्येक घराला एक प्रमुख असे. विणकर, शिंपी, चांभार असे एका धंद्याचे लोक एका घरात राहत. मठात येणाऱ्या प्रत्येकाने वाचायला शिकलेच पाहिजे, असा दंडक होता. शेतकऱ्यांची मुले तेथे स्तोत्रे आणि नवा करार वाचू लागली.

या नियमांत दाराला विशेष स्थान होते. दारावर नेमलेल्या बंधूने येणाऱ्याला सामोरे जावे, दुसऱ्या मठांतील बंधू व धर्मगुरू आल्यास त्यांचे पाय धुवावेत, त्यांना अतिथिगृहात न्यावे, असे नियम होते. स्त्रिया आल्या तर त्यांच्यासाठी वेगळी जागा होती आणि संध्याकाळ झाल्यावर आलेल्यांना माघारी धाडण्यास मनाई होती. थीब्जच्या तुरुंगातील संध्याकाळ ज्याने अनुभवली होती, त्याने हा नियम घातला होता, हे वाचकांनी विसरू नये.

स्वयंपाकघरातील करुणा

पाकोमियस कडक होते, पण त्यांचा कडकपणा स्वतःसाठी होता. एकदा एक बंधू आजाराने खंगला होता आणि त्याला मांस खावेसे वाटले. सेवा करणाऱ्यांनी नियमावर बोट ठेवून नकार दिला. पाकोमियस यांना हे कळले तेव्हा ते स्वतः जेवले नाहीत. त्यांनी करडू विकत आणवले, ते शिजवून आजाऱ्याला दिले, आणि मगच ते भोजनास बसले.

दुसऱ्या एका प्रसंगी ते दूरच्या मठातून परतले, तेव्हा एका लहान मुलाने तक्रार केली की बरेच दिवस शिजवलेली भाजी मिळालेली नाही. स्वयंपाक्याने खुलासा केला की बंधुजन व्रत म्हणून भाजी खातच नाहीत, म्हणून तो वेळ वाया न घालवता चटया विणल्या. त्या चटया पाचशे भरल्या. पाकोमियस यांनी त्या सर्व जाळायला लावल्या. ज्याच्यापुढे अन्न आहे त्यानेच ते सोडले तर तो त्याग होतो. ज्याच्यापुढे अन्नच ठेवले नाही, त्याच्याकडून त्यागाची संधीही हिरावली जाते, आणि मुले व आजारी तर उपाशीच राहतात, असे त्यांनी सर्वांना समजावले. पाचशे चटयांच्या किमतीपेक्षा एका मुलाची भाजी त्यांना मोठी वाटली.

त्यांची बहीण मेरी भावाला भेटायला आली, तेव्हा तिलाही या जीवनाची ओढ लागली. तिच्यासाठी बंधूंनी जवळच घर बांधले आणि अशा रीतीने स्त्रियांचा मठ उभा राहिला. अलेक्झांड्रियाहून ग्रीक बोलणारा थिओडोर आला. त्याला तेथील कॉप्टिक भाषा येत नव्हती. पाकोमियस यांनी त्याच्याशी बोलता यावे म्हणून उतारवयात ग्रीक शिकण्याची खटपट केली आणि पुढे परभाषिक बंधूंसाठी एक वेगळे घरच स्थापन केले. इ.स. ३३०च्या सुमारास अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथनेशियस नाईलमार्गे आले, तेव्हा पाकोमियस यांना गुरुदीक्षा द्यावी अशी विनंती त्यांना करण्यात आली. हे कळताच पाकोमियस बंधूंच्या घोळक्यात लपून बसले. आपल्या समुदायात मानासाठी चढाओढ नको, हीच त्यांची इच्छा होती.

थडगे नसलेला संत

इ.स. ३४६मध्ये मठांत साथ पसरली. शंभराहून अधिक बंधू मृत्यू पावले. पाकोमियस यांनाही रोगाने गाठले. एका बंधूने त्यांच्या कृश देहावर हलकी, चांगली घोंगडी आणून घातली, तर इतर आजाऱ्यांना जे मिळते तेच मला हवे, असे सांगून त्यांनी ती काढायला लावली. ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला. आपले दफनस्थान कोणाला कळू नये, असे त्यांनी तबेन्नीसीच्या आपल्या लाडक्या शिष्याला, थिओडोर यांना, बजावले होते. दफनानंतर रात्री थिओडोर यांनी तो देह हलवून अज्ञात जागी पुरला. ती जागा आजही अज्ञात आहे. मृत्यूसमयी पुरुषांचे नऊ आणि स्त्रियांचे दोन मठ त्यांच्या छत्राखाली होते.

अँटिनोईजवळची नाव

आता त्या पहिल्या नावेकडे पुन्हा वळू. पाकोमियस यांच्या मृत्यूनंतरही ख्रिस्तसभेवरील संकटे सरली नव्हती. प्रभू येशू ख्रिस्ताच्या देवत्वाची साक्ष देणारे संत अथनेशियस यांना सम्राटांनी पाच वेळा हद्दपार केले. इ.स. ३५६नंतर सहा वर्षे ते वाळवंटातील तपस्व्यांच्या आश्रयाने लपून राहिले. इ.स. ३६०मध्ये सेनाधिकारी आर्टेमियस याने शिपायांसह पाकोमियस यांच्या पबाऊ येथील मठाला वेढा घालून झडती घेतली. हाती काही लागले नाही आणि बंधूंनी कोणाचा ठावठिकाणा सांगितला नाही.

इ.स. ३६३मध्ये सम्राट ज्युलियनच्या हुकमामुळे अथनेशियस यांना पुन्हा पळावे लागले. तेव्हा थिओडोर यांनी त्यांना मठाच्या झाकलेल्या नावेत घेतले. वारा उलटा होता. बंधू काठावर उतरले आणि दोर खांद्यावर घेऊन ती नाव ओढू लागले. हे घडले ते अँटिनोईच्या परिसरात. पन्नास वर्षांपूर्वी सक्तीने पकडलेल्या पाकोमियस यांना जेथे सोडून देण्यात आले होते, तेच हे नगर. त्याच प्रवासात ज्युलियन पर्शियात मारला गेल्याची वार्ता अथनेशियस यांना मिळाली आणि ते संकटमुक्त झाले.

थीब्जच्या ख्रिस्ती लोकांनी एका नावेतील बंदिवान तरुणांना भाकर दिली. त्यांतल्या एका तरुणाच्या आध्यात्मिक पुत्रांनी त्याच नदीवर दुसऱ्या नावेत ख्रिस्तसभेच्या बिशपांना वाचवले. त्या भाकरीची अशी परतफेड होईल, हे त्या संध्याकाळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

परतफेड तेथेही संपली नाही. इ.स. ४०४मध्ये संत जेरोम यांनी पाकोमियस यांच्या नियमांचे लॅटिनमध्ये भाषांतर केले. संत बेसिल इजिप्तचे मठ पाहून गेले. संत बेनेडिक्ट यांच्या नियमांत ही परंपरा पश्चिमेकडे पोहोचली. प्रत्येक पाहुण्याचे स्वागत साक्षात ख्रिस्त समजून करावे, असे त्या नियमांत सांगितले आहे. शतकानुशतके युरोपातील मठांनी वाटसरूंना आसरा दिला, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, ग्रंथ जतन केले. स्वप्नातला मध खरोखरच पृथ्वीवर पसरला.

आपल्या दारातील परके

प्रिय बंधुभगिनींनो, सक्तीने, गरजेने किंवा संकटाने घरापासून तुटलेली माणसे आपल्या दारावरूनही जात असतात. २०२०च्या टाळेबंदीत मुंबईहून आपल्या गावी पायी निघालेल्या मजुरांच्या रांगा महामार्गांवर आपण पाहिल्या. ठिकठिकाणी सर्व धर्मांच्या लोकांनी त्यांना अन्न आणि पाणी दिले. त्या मजुरांची नावे कोणी विचारली नाहीत आणि देणाऱ्यांची नावेही त्यांना कळली नाहीत. त्या घासांचे पुढे काय होईल, हे आपल्याला या जन्मी बहुधा कळणार नाही.

तसे कळण्याची गरजही नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात प्रभूने शेवटच्या न्यायाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात ज्यांनी भुकेल्यांना खाऊ घातले आणि बंदिवानांना भेट दिली, त्यांनाच आपण हे कधी केले याचे आश्चर्य वाटते. थीब्जची ती माणसेही अशीच असावीत. त्यांनी पाकोमियस यांना पुन्हा कधी पाहिले असेल, असे वाटत नाही. पहाटे नाव सुटली, आणि ती माणसे रिकामी भांडी घेऊन आपापल्या कामाला लागली असतील.